आठवीचं फ्रेंच आणि संस्थेचं स्पॅनिश

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सन्माननीय चिटणीस साहेब, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील इतर मान्यवर, शिक्षकवृंद, पालकहो, आणि मागच्या बाकांवर कुजबुजत बसलेल्या माझ्या बालमित्रांनो! आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या घरच्या. भर सभेत त्यांना नावाने हाक मारायची माझी हिंमत नाही, म्हणून तुमच्यासारखंच मीही ‘बाई’ म्हणतो.

घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, असा सूत्रसंचालकांचा आग्रह पडला. मी चष्म्याचा दुकानदार. माझं वक्तृत्व ‘आता खालची ओळ वाचा’ इथे संपतं. मनात होतं, सगळ्यांचे आभार मानावेत आणि गुपचूप खाली बसावं. पण मघाशी अध्यक्षांचं भाषण ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. ते म्हणाले, ‘बाईंनी वैयक्तिक कारणास्तव मुदतीआधी निवृत्ती घेतली.’ वैयक्तिक? अध्यक्ष महोदय, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून विचारतो, कुणाचं वैयक्तिक? बाई मला खाली बसायची खूण करताहेत. बसतो हो, बसतो. दोन शब्द सांगितलेत, अजून पहिलाच चाललाय.

घडलं ते असं. मागच्या मोठ्या सुट्टीत चिटणीस साहेब परदेशी सहलीला जाऊन आले. जरूर जावं, माझी काही तक्रार नाही. पण परत आल्यावर पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, ‘तिकडे बघावं तिथे स्पॅनिश. आपलं फ्रेंच आता जुनं झालं.’ जुनं व्हायला ती भाषा आहे की पायपुसणं? शाळेच्या वेळापत्रकात परकीय भाषेला तास एकच. तेव्हा ठरलं, पहिल्या सत्रात पाचवीला स्पॅनिश सुरू करायचं आणि दुसऱ्या सत्रापासून सगळ्याच वर्गांचं फ्रेंच बंद करून स्पॅनिश आणायचं. शिकवणार कोण? आमच्या बाईच! आणि बाईंना तर स्पॅनिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यावर उत्तर मिळालं, ‘एक परकी भाषा येते ना, मग दुसरीला कितीसा वेळ? उरलेल्या सुट्टीत शिकून घ्या. मुलांच्या एक धडा पुढे राहिलात की झालं.’

एक धडा पुढे! पालकहो, उद्या पोहायला शिकवणारा मनुष्य तुम्हाला म्हणाला, ‘मीही कालच पाण्यात उतरलोय,’ तर सोडाल तुमचं पोर त्याच्या हाती?

नवी भाषा घेऊ नये असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आठवीची मुलं पाचवीपासून फ्रेंच शिकताहेत, आता कुठे त्यांना स्वतःच्या मनातलं बोलता यायला लागलंय. त्यांना दहावीपर्यंत जाऊ द्या. स्पॅनिश हवंच असेल तर पाचवीपासून आणा, पण ते येणारा माणूसही आणा. यात चूक काय? अहो, दुकानात नजर तपासताना मीसुद्धा एका वेळी एकच भिंग बदलतो. त्यावर डोळा ठरला की मगच पुढचं. सगळी भिंगं एकदम फिरवली तर गिऱ्हाइकाला काही सांगता येत नाही आणि मलाही काही कळत नाही.

तरी बाई हट्टाला पेटल्या नाहीत, हे लक्षात घ्या. उरलेली सुट्टी स्पॅनिशच्या वर्गाला गेल्या. भाजी चिरताना पुटपुटायच्या, कपडे वाळत घालताना पुटपुटायच्या. मी काही विचारलं की भलत्याच भाषेत उत्तर यायचं आणि आम्ही दोघं हसायचो. शाळा सुरू झाल्यावर मात्र हसू संपलं.

एके दिवशी पाचवीचा तास संपवून बाई तशाच आठवीवर गेल्या. त्यांची शिकवण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आधी बाई वाक्य म्हणतात, मग अख्खा वर्ग खणखणीत आवाजात ते म्हणतो. तसंच चाललं होतं. चार-पाच वाक्यं झाल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, की आपण अर्धं फ्रेंच आणि अर्धं स्पॅनिश बोलतोय. वर्गात एकाही मुलाचा हात वर नव्हता. हात वर करतील कशाला? बाई म्हणाल्या म्हणजे ते बरोबरच असणार.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसून राहिल्या. मी म्हटलं, ‘अगं, बरं वाटत नाही का?’ तर म्हणाल्या, ‘अहो, आज मी मुलांना चुकीचं शिकवलं, आणि ते त्यांनी इतकं सुंदर म्हटलं!’ आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा चिटणीस साहेबांना भेटल्या. पाचवीचं तुम्ही बघा, पण आठवीला हात लावू नका, एवढंच मागितलं. साहेब म्हणाले, ‘मुलांना काय फरक पडतो?’ त्याच दुपारी बाईंनी राजीनामा दिला. हे ते वैयक्तिक कारण!

फरक पडत नाही? माझ्या दुकानात एक आई आल्या होत्या. त्यांच्या जुळ्या मुली आठवीत आहेत. हल्ली त्या दोघी घरात फ्रेंचमध्ये भांडतात म्हणे, आईला कळू नये म्हणून. आई वैतागून सांगत होत्या, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. जी भाषा पोरांच्या भांडणापर्यंत पोचली ती तुम्ही वर्षाच्या मध्येच बंद करता? कुणाला विचारून? मला राग येतो, साहेब. मघापासून सभ्य शब्द शोधतोय, सापडत नाहीत.

असो. बाईंनी जे ठरवलंय ते सांगण्याची त्यांनी मला परवानगी दिलेली नाही, तरी सांगतो. सोमवारपासून संध्याकाळी सहा वाजता आठवीचं फ्रेंच आमच्या घरी. दहावी होईपर्यंत. बैठकीच्या खोलीतला सोफा मी कालच शेजाऱ्यांकडे नेऊन टाकलाय, सगळे सतरंजीवर मावतील. जे येणार असतील त्यांनी जरा उभं राहावं. लाजू नका.

अरे वा! बसा, बसा. नाही, थांबा, उभेच राहा. सगळ्यांना दिसू द्या.

मला बोलू दिल्याबद्दल संस्थेचे आभार, आणि एवढा वेळ शांत बसलात त्याबद्दल तुम्हा सर्वांचेही. रागाच्या भरात कमी-जास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि चिटणीस साहेब, तिसऱ्या रांगेत आपली कन्याही उभी आहे. तिला रागावू नका. सोमवारी वेळेवर पाठवा.