सुतकातलं कुंकू

न्हाई ओ सर, सही नको मला. बसा तुमी, च्या घ्या, निवंल त्यो. सही घेऊन काय करू, पुस्तक वाचनालयाचं हाय, माझं न्हाई — सुप्रियाच्या कार्डावर आनल्यालं, सुप्रिया म्हंजी माझी लेक, मंचरला कॉलेजला जाती. मी तुकाबाई. हितलीच, राजुरीची, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. मेंढरं हायेत, आता थोडी ऱ्हायली. बाहेर हार-नारळाचं चाललंय तवर पाच मिंटं द्या मला, फकस्त पाच. लेखक आल्यात, गुन्ह्याच्या गोष्टी लिवनारं, आसं माइकवर म्हनले, तवा म्हनलं ह्यास्नी ठावं आसंल. मला येकच विचारायचंय. पान दोनशे बारा. हे बघा, खूण घातलीया. तुमची ती लॅबवाली मॅडम त्या डायवरच्या घरातनं सुरी उचलती. सुरी कशी, तर घासून लख्ख. सगळी म्हनत्यात, ह्यात काय घावनार. आन् मॅडम मूठ खोलती — लाकडाची मूठ — तर आत खिळ्याच्या भवती येवढंसं रगत सुकून बसल्यालं. ते मशिनीत घालती आन् म्हनती, हे मानसाचं न्हाईच, बोकडाचं हाय. डायवर सुटला. खरं हाय का हे? आसं व्हतं का? तुमी मनानं लिवलं का कुनाला विचारून लिवलं? हसू नका सर. पाया पडते, हसू नका.

तीनदा वाचलं मी हे. सातवी शिकलीया, जोडाक्षराला आडते, पन वाचते. पयल्यांदा आठ दिस लागलं. मेंढरांमागं बसून वाचायची, दोन मेंढरं लोकाच्या मक्यात गेली तरी ध्यान न्हाई, शिव्या खाल्ल्या. आन् तुमी तरी काय मानूस, राव! आधी वाटलं डायवरच. त्यो सुटला तर मेल्या बाईचा दीर — त्याच्यावर तर माझी खात्रीच बसली. आन् शेवटाला बघते तर मास्टरमाइंड कोन, तर पोलिसांचाच फोटोवाला! दर मढ्यापाशी हुभा ऱ्हाऊन फोटो काढनारा, सगळ्यांस्नी पानी आनून देनारा. मी त्याला गुनाचा, गुनाचा म्हनत व्हते. पुस्तक मिटलं आन् रडाय लागले. सुप्रिया म्हनली, आये, गोष्ट हाय गं. गोष्ट हाय ते मलाबी कळतंय. पन मी कशापायी रडत व्हते ते तिला न्हाई सांगितलं.

पेपरात आल्यालं की. घटाच्या आदल्या दिशी, राजुरीत, उसाच्या कडंला — हां, तेच. पयलं आलं बिबट्यानं मानूस मारला, मंग चार दिसांनी दुसरंच आलं. त्यो मेल्याला माझा दीर, बहिरू. आन् धरून नेल्याला माझा जालिंदर. येकुलता येक ल्योक. का उठलात? बसा की, मी काय चावत न्हाई.

भांडान व्हतं, खोटं कशाला बोलू. विहीर सामाईक, पान्याच्या पाळीवरनं लागायचं. मोटर आधी कुनी चालू करायची — येवढ्यावरनं. विहिरीवर चार मानसांदेखत जालिंदर काकाला म्हनला, तोडीन तुला. हातात कोयता व्हता. आता कोयता आमच्यात हातात आसतुयाच, तुमच्या खिशाला पेन आसतंय तसा. रागात मानूस म्हनतंय. मी बी त्याला धा येळा म्हनलीया जीव घेईन तुझा, घेतला का? मंग दोन दिसांनी, दिवस मावळताना, जालिंदर गाडीवरनं घरी आला. आमची मेंढरं तवा निमगाव सावाला येकाच्या वावरात बसवली व्हती, खतासाठी बसवत्यात तशी, त्यो तिकडनंच आला. कोपरापातूर रगत. शर्टावर रगत. कोयत्यावर रगत. म्हनला, आये, मेंढी आडली व्हती, हात घालून कोकरू काढलं, कोयत्यानं नाळ तोडली, पन मेल्यालंच निघालं, वढ्याला टाकलं तर कुत्र्यांनी नेलं. आंघोळ केली, चार भाकरी खाल्ल्या, निजला. चार भाकरी, सर. मानूस मारून कुनी चार भाकरी खातंय का? — खातंय का हो? तुमी येवढं लिवलंय, तुमाला ठावं आसंल.

सकाळी बहिरू घावला. मान — जाऊ द्या, नको ते. सगळी म्हनली बिबट्याच. आदल्या आठवड्यात तिथनंच शेळी नेल्याली. गाव गोळा झालं, पन्नास मानूस त्या जाग्यावर तुडवून गेलं, पंजाचा ठसा कुठला ऱ्हातोय. बाया रडत्यात, मी बी रडते, आन् रडता रडता माझ्या मनात काय आलं? कोयता. उठले तिथनं, घरी आले, शर्ट धुतला, कोयता राखेनं घासला. मला कुनी सांगितलं न्हाई. जालिंदर तर तिकडं मढ्यापाशी व्हता, काकाचं पाय धरून. घासला आन् बघते तर त्यो येकटाच नव्यावानी चमकतोय. कुनी बघितलं तर? मंग कुऱ्हाड घासली, इळा घासला, खुरपी घासली, मेंढरं कातरायची कातर घासली. आन् सगळ्यास्नी हळदकुकू लावून देवाम्होरं मांडली. म्हनलं दसरा आलाच हाय, हत्यारं पुजत्यातच, बघनाऱ्याला वाटंल पूजा हाय. लई शानी समजले मी सवताला. तुमच्या पुस्तकातल्यापरास शानी.

दुसऱ्या दिशी पोलीस आलं. त्यात येक हवालदार, आपल्याच भागातला, वयस्कर. बाकीची घरभर हिंडत्यात आन् ह्यो हत्यारांकडं बघत हुभा. मंग हळूच म्हनला, मावशी, दीर गेला, घरात सुतक हाय. घट बसवलं न्हाईत, देवाला दिवा न्हाई. आन् कोयत्याला कुकू? सर, पंचावन वर्सं सुतक पाळत आले मी. सुतकात देवाला हात लावला न्हाई कधी, सुनाबाळींस्नी मीच सांगायची ह्याला शिवू नको, त्याला शिवू नको. आन् त्या दिशी मला सुतक आठवलंच न्हाई! शहरातला पोलीस आसता तर फसला आसता. ह्यो कसा फसंल, ह्याच्याबी घरात सुतक येतंय.

मढं फाडनारा डॉक्टर म्हनतो, मानंवरचं काम जनावराचं बी आसंल, धारंच्या हत्याराचं बी आसंल, नक्की सांगता येत न्हाई. मंग नक्की कशावरनं झालं? माझ्या कुकवावरनं. ज्यानं काय केलंच न्हाई त्यो कशाला घासंल, म्हनले. आन् तुमची मॅडम बी तेच म्हनती की, दोनदा म्हनती! आता बघा सर, नीट बघा — मी जर घासला नसता, तर ते रगत लॅबात गेलं आसतं, मशिनीनं सांगितलं आसतं मेंढीचं हाय, आन् माझं पोरगं घरी. शर्ट तसाच ठेवला आसता तरी घरी. रगताचं आसं कळतं हे मला कुठं म्हाईत? मला वाटलं रगत म्हंजी रगत. दोनशे बारा पानावर कळलं, तिथं रानात बसून. आसं वरडले की मेंढरं बुजली. मीच घातला त्याला आत. आयेनं. म्हनून विचारते, त्या कोयत्याच्या मुठीत काय ऱ्हायलं आसंल का? मूठ लाकडाचीच हाय. ठान्यात इचारलं तर म्हनत्यात मावशी, रिपोर्ट येईल तवा येईल. तुमाला वळखत आसत्यात वरची मानसं. येक फोन करा. मूठ खोला म्हनावं, येवढंच.

पुन्याला जेलात भेटाय गेले व्हते. काचंतनं, फोनवरनं बोलायचं. मला वाटलं वकिलाचं विचारंल, मेंढरांचं विचारंल. त्यो म्हनला, आये, तुला वाटलं का मी मारलं? आन् मी काय बोलले सांगू? मी म्हनले, सुप्रियानं स्वेटर दिलाय, घालत जा, सकाळचं गार आसतंय. त्यो बघत ऱ्हायला. फोन ठिवला न्हाई त्यानं.

काय म्हनता? आता काय वाटतंय? आता — आता बी तेच, म्हंजी न्हाई, त्यो करनार न्हाई, माझा हाय त्यो. पन व्यायल्याली मेंढी मला कासंवरनं कळती सर, डोळं झाकून कळती. त्या मेंढीच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, जालिंदर म्हनल्याला हीच. त्याच दिशी निमगावला जाऊन कास बघितली आसती तर मला कुठल्या मशिनीची गरज नव्हती. गेले न्हाई. सगळ्यांस्नी सांगितलं सुतक हाय, कशी जाऊ. खोटं. सुतकात बी मेंढरांकडं जावंच लागतंय. भ्या वाटलं मला. कासंत दूध नसलं तर? अकराव्या दिशी गेले तर कास सुकल्याली. दूध आटलं, का नव्हतंच, आता कसं वळखू?

आन् ह्यो — न्हाई, काय न्हाई. भाकरी हाय पिशवीत.

बरं, भाकरी न्हाई. कुनाला तरी सांगाय पायजे, न्हाईतर मी येडी व्हईन. मागच्या आठवड्यात त्याची गाडी धुवाय काढली, सीटखाली टॉवेल घावला. कोंबल्याला. त्या दिशी गाडी धराय तळवं पुसल्यालं त्यानं. वाळून पापडावानी कडक झालाया. धुतला न्हाई मी, ह्यो येक धुतला न्हाई! ह्यात मेंढी आसंल तर पोरगं सुटतंय. आन् नसंल तर? नसंल तर मीच नेऊन दिल्यालं व्हईल की. चुलीपाशी घेऊन बसते तर हात हुत न्हाई, ठान्याच्या दारात जाते तर पाय हुत न्हाई.

त्याला विचारलं का? विचारलं. परत गेले व्हते शनवारी. काचंतनं म्हनलं, टॉवेल घावलाय, देऊ का पोलिसांस्नी? लगीच म्हनला, दे. क्षनभर बी थांबला न्हाई. हसला बी, म्हनला दे की आये, आधी का न्हाई दिला. चार दिस झालं त्याला. सुखानं पळत जाऊन द्यायला पायजे व्हता ना? कुनाच्याबी आयेनं दिला आसता. आन् मी? मी येष्टीत बसल्या बसल्या तुमच्या फोटोवाल्याला आठवत व्हते. त्यो बी आसाच हसून म्हनतो, माझी बॅग तपासा की सायेब. मला आधी हे सुचत नव्हतं सर! आधी पोरगं हसलं तर मला हसूच दिसायचं. कशाला लिवता आसलं? लोकांस्नी गंमत वाटती म्हनून? तुमाला पयल्या पानापासनं ठावं आसतंय कुनी केलं, मंग तीनशे पानं आमाला फिरवता. मी त्याला नऊ महिनं पोटात वागवला, सव्वीस वर्सं खाऊ घातलं, आन् मला ठावं न्हाई. मला ठावं न्हाई हो.

चला, बोलावत्यात तुमाला. माइकवर नाव घेतलं. जावा. आजून काय? तुमी देता? तुमी कशाला — न्हाई, पिशवी सोडा. सोडा म्हनते ना! सोडा ओ, पदर फाटंल. मी देईन, न्हाईतर जाळीन, माझं मी बघीन. मी काय बोलले न्हाई तुमाला, तुमी काय आयकलं न्हाई. जावा तुमी. जावा म्हनलं ना.