पाठ झालेला तक्ता

(माळशेज घाट चढून मढच्या पुढे रस्त्याकडेला तिरकी थांबलेली व्हॅन. मागच्या सीटवर चष्म्यांच्या फ्रेमचे खोके. दुपार.)

प्राची : चावी द्या.

राजरत्न : गाडीत बस.

प्राची : आधी चावी द्या, पप्पा. तुम्ही चालवणार असाल तर मी इथून जुन्नरपर्यंत चालत जाईन.

राजरत्न : तो मधीच घुसला. माझी काय चूक?

प्राची : घुसला? डावीकडच्या पाणंदीतून केव्हाचा येत होता तो! गाडीला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या, अंगात पिवळाधमक शर्ट. मी ओरडले म्हणून ब्रेक दाबलात तुम्ही. तुम्हाला तो दिसलाच नव्हता.

राजरत्न : झालं तुझं सुरू! काल मुंबईच्या प्रदर्शनात चारचौघात माझी अब्रू काढलीस, तेवढ्यानं भागलं न्हाई का?

प्राची : त्या मशीनवर मी बसवलं होतं का तुम्हाला? ‘आमची पोरगी डोळ्यांचंच शिकती पुण्याला, दावा तिला तुमचं मशीन,’ म्हणत तुम्हीच हनुवटी टेकवलीत.

राजरत्न : कौतुकानं म्हणालो मी! आणि तू काय केलंस? पडद्यावर माझ्या डोळ्याचा आतला फोटो आला तशी किंचाळलीस, ‘पप्पा, तुमची नस वाळत चाललीय.’ मागं माझे फ्रेमवाले उभे, काचवाले उभे. दुकान काढल्यापासून त्यांच्याकडनं माल घेतो मी. त्यातला एक हसला. तुला न्हाई दिसला, मला दिसला.

प्राची : हसणारा बरोबर दिसला. दूधवाला नाही दिसला.

राजरत्न : तोंड सांभाळ, प्राचे! अजून शिकतीयेस तू. डॉक्टर न्हाईस.

प्राची : म्हणूनच म्हणतेय ना, डॉक्टरकडं चला! काल तिथूनच जाऊ म्हटलं, तर तुम्ही फ्रेमा निवडत बसलात. मी रडतेय आणि तुम्ही मला विचारताय, ‘सोनेरी काडी चालंल का गं आपल्याकडं?’ लाज वाटली मला.

राजरत्न : विकायचं मशीन ते. कुणाचाबी डोळा वाईटच दावणार, त्याशिवाय खपंल का?

प्राची : मशीनवाल्याला कुठं काय पडलं होतं? तो आपला ‘फोटो बघा कसा स्वच्छ आलाय, साहेब’ म्हणत होता. नस मी बघितली. काचबिंदू आहे, पप्पा.

राजरत्न : कसला काचबिंदू! चष्म्याशिवाय तक्त्याची शेवटची ओळ वाचतो मी. चल दुकानात, आत्ता वाचून दावतो.

प्राची : तो तक्ता पाठ आहे तुम्हाला! गिऱ्हाईकाच्या पाठीमागं उभं राहून तुम्हीच म्हणता ना, ‘चुकलं, परत वाचा’? अहो, मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे तो. दिवे घालवले तरी म्हणाल तुम्ही शेवटची ओळ. आणि काचबिंदूत समोरचं दिसतंच, शेवटपर्यंत दिसतं. आधी कडेचं जातं. गुपचूप जातं.

राजरत्न : कॉलेजात शिकवलेलं मला ऐकवू नको.

प्राची : बरं. आज्जीला काय झालं होतं?

राजरत्न : मोतीबिंदू.

प्राची : काढला ना तो? मग का नाही दिसलं तिला?

राजरत्न : आईला मधी आणू नको.

प्राची : आणणार! ‘पिकू दे, मग काढू’ म्हणत बसलात सगळे. मोतीबिंदूच्या मागं काचबिंदू होता, तो कुणी बघितलाच नाही. आणि हे घराण्यात येतं. दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हेच सांगता. स्वतः एकदा तरी बसलात खुर्चीत?

राजरत्न : कुणाच्या खुर्चीत बसू? जुन्नरात कुणाच्या? संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत होईल, चष्मेवाल्यालाच दिसंना! कोण येईल मग माझ्याकडं? तुझं शिक्षण कशावर चाललंय, सांग की!

प्राची : माझ्या शिक्षणाच्या आड लपू नका!

गेणभाऊ : ओ व्हॅनवालं! हिकडं बघा! डोळं काय घरी ठिवून आलाय का? समदं दूध रस्त्यावर गेलं माझं! मानूस मेला असता की... आरं तिच्या! राजाभाऊ? तुमी?

राजरत्न : गेणभाऊ... लागलं न्हाई ना रं?

गेणभाऊ : गुडघा सोलपाटलाय, बाकी काय न्हाई. लई आगीत आलो व्हतो, राव, कानाखाली द्यायच्या बेतानं. आन् बघतो तर आपलाच चष्मेवाला! ह्यो तुमच्याच दुकानचा हाय बरं, डोळ्यावरचा. ह्याच्यातनं तुमची गाडी दिसली म्हनून वाचलो. जाऊ द्या. व्हतं एखाद्या टायमाला.

राजरत्न : बघ. ऐक गेणभाऊ काय म्हणतोय.

प्राची : नाही जाऊ द्यायचं, काका! इकडं या. पप्पांच्या डाव्या अंगाला उभे राहा. हाताभर लांब. आता हात त्यांच्या कानाच्या रेषेत धरा आणि बोटं हलवत राहा.

गेणभाऊ : ह्ये काय आनि नवीन?

राजरत्न : रस्त्यावर तमाशा नको, प्राची.

प्राची : एकदाच. मग मी गप्प बसते, घरी मम्मीलाही काही सांगत नाही. उजव्या डोळ्यावर हात ठेवा. घट्ट. माझ्या नाकाकडं बघा. मान वळवायची नाही. काकांची बोटं दिसली की ‘दिसली’ म्हणा.

राजरत्न : हं. सांग त्याला, हलव म्हणावं.

प्राची : काका, हात हळूहळू पुढं आणा. अजून. अजून.

राजरत्न : अगं, सुरू तरी कर म्हण त्याला! किती वेळ उभं राहायचं असं?

प्राची : काका, थांबू नका. आणा अजून पुढं.

राजरत्न : गेणभाऊ, हलव की लेका.

गेणभाऊ : राजाभाऊ, मी कवाधरनं हलवतोय. निम्म्यात आलाय की हात.

राजरत्न : चेष्टा करू नको.

गेणभाऊ : आईशप्पत, भाऊ. तुमची चेष्टा करंन का मी?

प्राची : काढा हात डोळ्यावरचा. बघा कुठवर आलाय त्यांचा हात.

गेणभाऊ : मी किटल्या उचलतो तवर. राजाभाऊ, माझ्याकडनं ह्यातलं कुटं जायाचं न्हाई. पेठंत तर न्हाईच न्हाई.

प्राची : गेलेलं परत येत नाही, पप्पा. राहिलंय ते वाचतं. रोज ड्रॉप घालावे लागतील, जन्मभर. मी चिडले, चिडणारच. दुकानाचं काय करायचं ते आपण नंतर भांडू. आत्ता नुसती चावी द्या.

राजरत्न : धर.

प्राची : इकडून बसा. काय झालं? बसा ना. आता काय बघताय त्या सीटकडं?

राजरत्न : घाटात तू हितंच बसली होतीस. डावीकडं. सगळा घाट.