आधी मुलाचे पाय

माझं लग्न ह्यांच्या पायांवरून मोडायला आलं होतं. हे दौंडच्या रेल्वे फुटबॉल टीमचे फॉरवर्ड. गळ्यात लाल रुमाल बांधून खेळायचे आणि दर मॅचला गोल करायचे. मला बघायला शिरूरला आले, तेव्हा माझ्या वडिलांना, आबांना, वेगळाच संशय. एवढ्या लाथा खाणाऱ्याचा पाय अधू असणारच.

“जरा चालून दाखवा,” आबा म्हणाले.

हे चालले.

“आता विजार वर करा.”

नडगीवर भलीमोठी खूण होती.

“ही कसली?”

“सोलापूरच्या मॅचची. गोल मीच केला.”

सासूबाई चिडल्या. “आता मुलीनंबी चालून दाखवावं.”

“राहू दे, आई. तिला कुठं गोल करायचेत? मला पसंत हाय.”

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, “लई लवकर पसंत केली. ह्याचं डोळंबी तपासाय पाहिजेत.”