दादाला विचारा!

...आणि वर मलाच विचारतात, "डोकं दुखतं? चक्कर येते?" अहो, काहीच होत नाही! मला काय धाड भरलीय? तर डॉक्टरीणबाई म्हणतात कशा, "तेच तर! वाढलेलं बीपी कळत नाही." म्हणजे दुखलं तरी आजारी, नाही दुखलं तरी आजारी... माणसाने जायचं कुठे?

तुम्हाला सांगतो, मी न्हावी माणूस. दिवसभर उभा, पोट सपाट! तरी बाईंचं खोदून खोदून चालूच. साखर? काठावर. सिगारेट? म्हटलं, एक गिऱ्हाईक गेलं की एखादी. बायको शेजारून, "आणि गिऱ्हाईक आलंच नाही की दोन!" मग बाई म्हणाल्या, घरात कोणाला स्ट्रोक? ...म्हटलं, झालाय. दादाला. माझा थोरला भाऊ, दुकानात शेजारच्याच खुर्चीवर. त्याच्या कात्रीपेक्षा तोंड जोरात चालायचं! एका सकाळी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर हात थांबला, तोंड वाकडं झालं. त्यालाही काही होत नव्हतं! तेव्हापासून त्याच्याकडे एकच शब्द उरलाय... "हो."

आणि घरच्यांनी त्याचं केलं कोर्ट! बायको म्हणते, "भाऊजी, ह्यांनी मीठ कमी करायला हवं ना?" "हो." मुलगी, "काका, बाबांनी रोज चालायचं ना?" "हो." वहिनी तर त्याहून पुढे, "अहो, भाऊजींनी बीपीची गोळी चुकवली तर कात्री काढून घ्यायची ना?" "हो!" हा काय न्याय झाला? मला काय धाड भरलीय?

म्हटलं, थांबा, आपणही ह्याच कोर्टात जाऊ. सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, दिवसाला एक सिगारेट चालेल ना रे?" दुसरं येणार काय त्याच्या तोंडून? मी खिशात हात घातलासुद्धा... दादाने माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, मान लाल झाली, आणि मोठ्या कष्टाने बाहेर पडलं, "ना... ही!"

वहिनी रडायला लागल्या, मुलगी नाचायला लागली, आणि मी? मीही रडलो, खोटं कशाला सांगू! त्याला बोलायला शिकवणारी बाई येते ना, ती म्हणाली, "वा! हाच प्रश्न रोज विचारा." झालं! आता रोज सकाळी अख्ख्या घरासमोर मी सिगारेट मागायची आणि दादाने नाही म्हणायचं. काल तर "अजिबात नाही" म्हणाला, घरात नुसता आनंदीआनंद! खिशात पाकीट तसंच पडलंय... भावाचा एकेक शब्द त्या सिगारेटवर परत येतोय, आता तुम्हीच सांगा, मी ती कुठल्या तोंडाने ओढू?