काँक्रीटला आलेला ताप

काँक्रीटला ताप येतो, यावर माझ्या आईशिवाय कुणाचा विश्वास बसणार नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी जिओपॉलिमरचा, म्हणजे सिमेंटऐवजी राख घातलेल्या काँक्रीटचा, ठोकळा केला होता. बाई म्हणाल्या होत्या, "याला पाणी मारायचं नाही, ऊब द्यायची. नाहीतर ठिसूळ राहील." म्हणून मी तो गरम पाण्याच्या पिशवीसकट पांघरुणात गुंडाळून माझ्या अंथरुणावर ठेवला.

आई चाकणला कंपनीत रात्रपाळी करते. ती येते तेव्हा मी शाळेला निघालेली असते. त्या सकाळी उशीर झाल्यामुळे मी अजून मोरीत दात घासत होते, तेवढ्यात ती आली आणि थेट अंथरुणापाशी बसली.

"अगं, किती तापलीस. मला फोन नाही का करायचा?" ती पांघरुणावरून हात फिरवत होती. "शाळा राहू दे. मीपण आज सुट्टी टाकते. बसते तुझ्यापाशी."

"आई, मी इकडे आहे."

तिने पांघरूण उघडलं आणि पोट धरून हसली. "बरं झालं बाई, सुट्टी वाचली," म्हणत तिथेच आडवी झाली आणि झोपली.

ठोकळा चांगला पक्का झाला. प्रदर्शनात हातोडीनेही फुटला नाही. मला मात्र वाटतं, मी अजून थोडा वेळ गप्प राहायला हवं होतं.