एक पाइप, दोन कॉक

आमचे मगनशेठ माहीत आहेत ना, शहाद्याचे, ठिबकचे पाइप विकतात ते. त्यांच्या दुकानातली फोनची जुनी वायर मी काढली आणि फोन अन् कॉम्प्युटर दोन्ही एकाच इंटरनेट लाइनवर टाकले. आठवड्याने सहज डोकावलो. तेवढ्यात फोन वाजला, तसे शेठ म्हणाले, "फोन उना, कॉक बंद करा."

कॉम्प्युटरवर बसलेल्या चारही जणांनी कीबोर्डवरचे हात उचलले. बोलणं संपेपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.

"शेठ, हे काय?"

"पाइप एकच शे ना आते. दोन्ही कॉक चालू ऱ्हायनात तर प्रेशर कमी पडस."

मी समजावलं, की लाइनवर आवाजाला आधी वाट मिळते, कामं खुशाल चालू ठेवा. शेठना पटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. मागे प्रिंटर, पंखा, हसणं, पाइपांची आदळआपट.

"भाऊ, तू काय करी गया? कालपावत आवाज साफ व्हता. आज गिऱ्हाईकले काहीच ऐकू येत नही."

मी म्हटलं, "शेठ, कॉक बंद करा."

आता ते सगळ्यांना सांगतात, लाइन टाकावी तर माझ्याकडूनच.