तीच पाटी, दुसरी टिलरी

(अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक लहान गाव. ऐंशीला टेकलेल्या कृष्णवर्णीय ओडेसा टिलरी घराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या आहेत. शाळा समितीचा गोरा अध्यक्ष क्लेटन टिलरी टोपी हातात घेऊन पायरीवर उभा.)

क्लेटन : ...म्हणजे हायस्कूलचं नाव टिलरीच राहील, मावशी. फक्त यापुढे ते कर्नल टिलरींचं नसेल, तुमच्या आईचं असेल.

ओडेसा : मावशी म्हणू नकोस. तुझे आजोबा माझ्या आईला मावशी म्हणायचे आणि मागच्या दारानं घरात घ्यायचे.

क्लेटन : चुकलो, मिस ओडेसा.

ओडेसा : बस. शेंगा सोल. पाटी कधी बदलणार?

क्लेटन : पाटी कशाला बदलायची? ‘टिलरी हायस्कूल’. बरोबरच आहे की! फुटबॉलच्या पोरांचे सदरे, बँडचा ढोल, जिमच्या लाकडी जमिनीवरची अक्षरं, सगळं तसंच चालून जाईल.

ओडेसा : सुंठीवाचून खोकला गेला म्हण ना.

क्लेटन : तसं नाही हो. एका आडनावाची दोन मोठी माणसं या देशात काही नवी नाहीत. वॉशिंग्टनच घ्या. एक पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज, एक तुमच्या लोकांसाठी शाळा काढणारे बुकर.

ओडेसा : जॉर्जच्या शेतावर गुलाम राबायचे. बुकर जन्मला तोच गुलाम. मला इतिहास नको शिकवू, मी शिक्षिकेची पोर आहे. तुझ्या कर्नलनं माझ्या पणजोबांना घोड्यांबरोबर विकत आणलं आणि आपलं आडनाव लावलं, म्हणून मी टिलरी.

क्लेटन : म्हणूनच तर! आता तेच नाव तुमचं होईल.

ओडेसा : मग पूर्ण लिही. लव्हिनिया टिलरी.

क्लेटन : ते... त्याला समितीत मतं नाही मिळणार.

ओडेसा : आणि शाळेपुढचा कर्नलचा पुतळा?

क्लेटन : तो राहील. इतिहास आहे शेवटी.

ओडेसा : वा रे वा! दारात कर्नल घोड्यावर, आणि माझी आई तुमच्या मनात!

क्लेटन : लव्हिनियाबाईंनी आमच्या मुलांना आयुष्यभर शिकवलं, त्याचं काहीतरी...

ओडेसा : तुमच्या नाही, आमच्या. काळ्या पोरांच्या शाळेत. काळ्यांची नि गोऱ्यांची शाळा एक झाली तेव्हा तुझ्या आजोबांनी आमच्या सगळ्या शिक्षकांना घरी बसवलं. त्यानंतर आई तुमच्या शाळेत गेली, माहीत आहे? साफसफाईला. जिमच्या जमिनीवरची ती अक्षरं गुडघ्यांवर बसून पुसायची. कालपर्यंत तिच्या वर्गात बसणारी पोरं मान खाली घालून बाजूनं जायची. मला अजून झोंबतं ते.

क्लेटन : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओडेसा : तू कुणाला विचारलंस? माझा नकार आहे. तुझ्या समितीला सांग.

क्लेटन : मिस ओडेसा, रागावू नका. ठराव गेल्या आठवड्यातच झालाय.

ओडेसा : मग माझ्या पायरीवर कशाला आलास?

क्लेटन : शनिवारी समारंभ आहे. पेपरवाले येतील. पहिल्या रांगेत तुम्ही दिसायला हव्यात.

ओडेसा : आईला काढलं तेव्हा एक पेपरवाला फिरकला नव्हता. ते भांडं ठेव खाली आणि नीघ.

क्लेटन : अहो, तुम्ही नसलात तर लोक विचारतील!

ओडेसा : विचारू देत. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच विचारेल.